मनाचे आजार : ओळख व आपले कर्तव्य

पेडणे-डिचोलीकडील एखाद्या वाड्यावर कोणी एकटाच बडबडू लागला, तर घरची माणसे कित्येकदा त्याला आधी घाड्याकडे नेतात. ताप आला असता मात्र तीच माणसे दवाखाना गाठतात. मनाचा आजार हाही आजारच होय. त्याचे मुख्य प्रकार शिक्षकांनी जाणून घ्यावेत.

१. चिंताविकार : सतत धास्ती, छातीत धडधड, झोप न येणे.
२. भावनांचे विकार : दोन आठवड्यांहून अधिक टिकणारी उदासी, काहींना अधूनमधून अतिउत्साह.
३. तीव्र मनोविकार : नसलेले आवाज ऐकू येणे, निराधार संशय.
४. व्यसन : ठरवूनही दारू न सुटणे.
५. मुलांमधील विकार : अतिचंचलता, स्वमग्नता. अशा मुलास ‘खोडकर’ म्हणून शिक्षा करू नये.

निदान डॉक्टरांनी करावे. आपण शांतपणे ऐकावे. ऐकणे थोडे नव्हे. गोव्यातील सरकारी आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांच्या साह्याने चिंता व नैराश्याचे अधिक रुग्ण बरे झाले, असे २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले.

रुग्णासाठी प्रार्थना अवश्य करावी. परंतु ‘विश्वास ठेव, गोळ्या सोड’ असे कोणीही सांगू नये. औषध अचानक थांबविल्यास आजार उलटू शकतो. मरणाची भाषा करणाऱ्यास एकटे सोडू नये. उपचारांसाठी बांबोळीचे सरकारी मनोरुग्णालय आहे. १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्लाही मिळतो.