टिकण्याचे शब्द : इंग्रजी विशेषणे आणि मराठी पर्यायांची निवड

दोन शब्द समानार्थी आहेत असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा एवढेच म्हणायचे असते की काही वाक्यांत एकाच्या जागी दुसरा चालतो. सर्व वाक्यांत तो चालेलच असे नाही. या पाठात इंग्रजीतील ड्युरेबल, लास्टिंग, एन्ड्युअरिंग, पर्मनंट, पेरेनियल, पर्पेच्युअल, इटर्नल आणि सस्टेनेबल या विशेषणांचा विचार करावयाचा आहे. शब्दकोशात यांच्यापुढे ‘टिकाऊ, कायम, स्थायी, चिरंतन, शाश्वत’ अशी एकाच रांगेतली मराठी नावे आढळतात. अनुवादकाची अडचण या रांगेपाशीच सुरू होते.

उदाहरणासाठी रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यातले अंजनवेल हे गाव घेऊ. वाशिष्ठी नदी दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते, तिच्या मुखाशी हे गाव आहे आणि तेथे गोपाळगड नावाचा किल्ला आहे. त्याची तटबंदी जांभ्या दगडाची. जांभा खाणीतून काढताना तुलनेने मऊ असतो, म्हणून त्याचे चिरे सहज पाडता येतात. वारा लागला की तो हळूहळू कठीण होतो. ‘ड्युरेबल’चे मूळ ज्या लॅटिन धातूत आहे, त्याचा एक अर्थ ‘कठीण होणे’ असाच आहे. झीज, वापर, ऊनपाऊस यांना पुरून उरणे हा या शब्दाचा गाभा. मराठीत त्याला ‘टिकाऊ’ हा शब्द नेमका बसतो. ‘टिकाऊ’ शेजारी ‘टाकाऊ’ आणि ‘तकलादू’ हे शब्द आपोआप आठवतात, तेही याच कारणाने. तट टिकाऊ आहे, असे आपण निःशंकपणे म्हणू. परंतु या तटामागची सत्ता? आदिलशाही, मराठे, सिद्दी, आंग्रे, पेशवे आणि १८१८ मध्ये इंग्रज, असे धनी बदलत गेले. कोणाचीही सत्ता पर्मनंट ठरली नाही. दगडाला जे विशेषण लागते ते सत्तेला लागत नाही, कारण ‘ड्युरेबल’ वस्तूच्या गुणाविषयी बोलते, तर ‘पर्मनंट’ व्यवस्थेविषयी, तिच्या मुदतीविषयी बोलते.

‘एन्ड्युअरिंग’चे मूळही तेच, पण त्या शब्दात सोसण्याचा अर्थ मुरलेला आहे. दगड टिकाऊ असतो. मैत्री, कीर्ती, श्रद्धा या गोष्टी एन्ड्युअरिंग असतात. ‘तग धरून राहिलेली’ हा पर्याय बोलीकडे झुकणारा असला तरी पुष्कळदा ‘चिरस्थायी’पेक्षा अधिक खरा वाटतो. ‘लास्टिंग’ सौम्य आहे. त्याला ‘दीर्घकाळ टिकणारा’ एवढे पुरे.

आता ‘पर्मनंट’कडे वळू. यासाठी मराठीत दोन मुख्य शब्द आहेत: अरबीतून आलेला ‘कायम’ आणि संस्कृत ‘स्थायी’. ‘कायम’चे मूळ ‘उभे असणे’ या अर्थाच्या धातूत, आणि ‘स्थायी’ तर उघडच ‘स्था’ धातूपासून. महानगरपालिकेतील ‘स्थायी समिती’ इंग्रजीत ‘स्टँडिंग’ कमिटी असते, तेथेही उभे राहणेच आहे. इंग्रजी ‘स्टँड’ आणि संस्कृत ‘स्था’ हे तर एकाच मूळ भाषाकुळातले सगोत्र शब्द. उभे असलेले म्हणजे टिकलेले, अशी कल्पना तीन भाषांनी केली. मात्र उभे असलेले कधी बसणारच नाही, असे यांपैकी एकाही शब्दाने सांगितलेले नाही.

हे विसरले की काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात आहे. २००१ मध्ये शासनाने नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदान’ तत्त्वावर परवानगी देण्याचे धोरण स्वीकारले. २००९ मध्ये माध्यमिक शाळांच्या बाबतीत त्यातून ‘कायम’ हा शब्द वगळण्यात आला आणि अनुदानाची वाट मोकळी होण्याची आशा निर्माण झाली. शब्द एकच गेला. त्या शब्दावर हजारो शिक्षकांच्या पगाराचा प्रश्न लटकलेला होता. ‘कायम’ आठ वर्षेच टिकले, हा विनोद नव्हे. ‘पर्मनंट’चा अर्थ ‘अंत ठरवलेला नाही’ एवढाच असतो. ‘अंत होणार नाही’ असा नसतो. १७९३ ची बंगालमधील जमीनमहसुलाची व्यवस्था मराठीत ‘कायमधारा’ म्हणून ओळखली जाते. तिचाही शेवट झालाच.

अंत आधीच ठरलेला असेल तर ‘कायम’ किंवा ‘स्थायी’ वापरणे सरळ चूक ठरते. अंजनवेल परिसरातील दाभोळ वीज प्रकल्पासाठी राज्य वीज मंडळाने १९९३ मध्ये केलेला वीजखरेदी करार वीस वर्षांचा होता. असा करार ‘दीर्घकालीन’. प्रत्यक्षात पहिल्या टप्प्याची वीजनिर्मिती १९९९ मध्ये सुरू झाली आणि मे २००१ मध्ये थांबली. पुढे २००५ मध्ये नवी कंपनी स्थापून प्रकल्प तिच्याकडे देण्यात आला. कराराची मुदत आणि कराराचे आयुष्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनुवादकाने मुदत सांगणारा शब्द द्यावा, भाकीत करणारा नव्हे. नोकरीच्या पत्रात तर हे अधिकच जपावे: ‘दीर्घकालीन नियुक्ती’ला ‘कायम नियुक्ती’ लिहिले, तर वाचणारा त्या शब्दाच्या भरवशावर कर्ज काढील.

‘पेरेनियल’साठी मराठीजवळ ‘बारमाही’ हा सुरेख शब्द आहे. वर्षाचे बारा महिने, एवढाच त्याचा हिशेब. कोकणातील अनेक नद्या पावसाळ्यानंतर आटतात. वाशिष्ठीच्या पात्रात मात्र कोयना प्रकल्पाचे वीजनिर्मितीनंतरचे पाणी सोडले जाते, त्यामुळे तिला उन्हाळ्यातही पाणी असते. या नदीला ‘चिरंतन नदी’ म्हटले तर ते काव्य होईल, जलविज्ञान नव्हे. ‘पर्पेच्युअल’मध्ये खंड न पडण्याचा अर्थ आहे. सभासद बदलले तरी संस्था चालू राहते, या कायदेशीर कल्पनेसाठी मराठीत ‘अखंड परंपरा’ असा शब्दप्रयोग होतो आणि तो मला आदर्श अनुवाद वाटतो. ‘इटर्नल’ काळाच्या पलीकडचे. तेथे ‘शाश्वत’, ‘सनातन’, ‘नित्य’. ‘चिरंतन’ही चालतो, पण ‘चिर’ म्हणजे मुळात दीर्घ, अनंत नव्हे, हे ध्यानात असू द्यावे.

मग ‘सस्टेनेबल डेव्हलपमेंट’ला आपण ‘शाश्वत विकास’ का म्हणतो? १९८७ च्या ब्रंटलँड आयोगाच्या अहवालातील व्याख्येनुसार, पुढील पिढ्यांच्या गरजा भागवण्याच्या क्षमतेला बाधा न आणता आजच्या गरजा भागवणारा विकास, असा त्याचा आशय आहे. यात अनंतत्व कोठेच नाही. संस्कृतचा निकष लावला तर हा पर्याय अतिव्याप्त ठरतो. परंतु मराठीत ‘शाश्वती’ या नामाचा अर्थ ‘खात्री’ असा झाला आहे; ‘पावसाची शाश्वती नाही’ म्हणणारा शेतकरी तत्त्वज्ञान सांगत नसतो. ‘शाश्वत उत्पन्न’ म्हणजे भरवशाचे उत्पन्न. या मराठी छटेच्या आधारे ‘शाश्वत विकास’ तग धरून आहे. माझ्या मते तो आता बदलू नये. मात्र ‘सस्टेनेबल’ दिसले की ‘शाश्वत’ लिहिण्याची सवय घातक आहे. मासेमारीच्या संदर्भात ‘साठा न संपवता चालू ठेवता येईल अशी’ हे लांबलचक स्पष्टीकरण कधीकधी उपयोगी पडते, कारण त्यात कोणी काय करावयाचे ते कळते.

निवड अडली तर विरुद्धार्थी शब्द शोधून पाहा. ‘तकलादू’ सुचला तर टिकाऊ. ‘तात्पुरता’ सुचला तर कायम. ‘क्षणभंगुर’ सुचला तर शाश्वत. ‘हंगामी’ मात्र फसवा आहे: हंगामी कर्मचारी ‘कायम’ होतो, हंगामी ओढा ‘बारमाही’. आणि साहित्यशास्त्रातील ‘स्थायीभाव’ या कसोटीवर तपासून पाहा. त्याचा विरोध तात्पुरत्याशी नसून येत-जात राहणाऱ्या संचारी भावांशी आहे, म्हणून त्याचा इंग्रजी अनुवाद ‘पर्मनंट’ करणे पटत नाही.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. पुढील इंग्रजी शब्दप्रयोगांना मराठी पर्याय द्या व निवडीचे कारण दोन वाक्यांत लिहा : पर्मनंट ॲड्रेस, कन्झ्युमर ड्युरेबल्स, लास्टिंग पीस, पर्पेच्युअल इन्जंक्शन.

२. मुंबईत तीस वर्षे राहिलेला चाकरमानी अर्जात ‘कायमचा पत्ता’ म्हणून कोकणातल्या गावाचे नाव लिहितो. येथे ‘कायम’ या शब्दाचा अर्थ काय? त्याऐवजी ‘मूळ पत्ता’ असे छापले तर काय बदलेल?

३. तुमच्या घरी आलेले एखादे विमापत्र, करारपत्र किंवा नेमणूकपत्र घ्या. त्यातील काळ दर्शविणाऱ्या विशेषणांखाली रेघ ओढा आणि प्रत्येकाचा अंत कागदावर कोठे लिहिलेला आहे ते शोधा.