एका सेकंदाची किंमत

जुन्या प्रतिस्पर्ध्याशी सामना असला की खेळाडूंना रात्री झोप येत नाही. असा सामना कसा जिंकतात? अमेरिकेतील एका सामन्याची ही हकीकत वाचा.

अमेरिकेत अलाबामा नावाचे राज्य आहे. तेथील अलाबामा विद्यापीठ आणि ऑबर्न विद्यापीठ यांच्यात १८९३ साली पहिला फुटबॉल सामना झाला. पुढे हे सामने अनेक वर्षे बर्मिंगहॅम या लोखंड-पोलादाच्या शहरात होत. म्हणून या सामन्याला 'आयर्न बोल' म्हणतात. आयर्न म्हणजे लोखंड.

हा फुटबॉल आपल्या फुटबॉलपेक्षा वेगळा आहे. त्याचा चेंडू लंबगोल असतो आणि तो हातात घेऊन पळता येते. चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडली की सहा गुण मिळतात. लाथ मारून चेंडू दोन उभ्या खांबांमधून पार केला की तीन गुण मिळतात. पण तो चेंडू खांबांपर्यंत पोहोचला नाही, तर विरुद्ध संघ तो झेलून पळू शकतो. हा नियम लक्षात ठेवा.

२०१२ साली ऑबर्नचा ०-४९ असा दारुण पराभव झाला. त्या वर्षी बारा सामन्यांपैकी त्यांना फक्त तीन जिंकता आले. पण ते खचले नाहीत. नवे प्रशिक्षक आले, नव्याने सराव सुरू झाला. पराभव विसरू नका, पण त्याला कवटाळूनही बसू नका. ही विजयाची पहिली किल्ली.

३० नोव्हेंबर २०१३ रोजी पुन्हा सामना झाला. अलाबामा देशात पहिल्या क्रमांकावर होते. तरीही त्यांचे लाथेने गुण मिळवण्याचे तीन प्रयत्न वाया गेले. लहान कामातही चूक करू नका. ही दुसरी किल्ली.

शेवटी २८-२८ अशी बरोबरी झाली. एकच सेकंद उरला होता. अलाबामाने सत्तावन्न यार्डांवरून लाथ मारण्याचे ठरवले. ऑबर्नच्या प्रशिक्षकांनी विचार केला, "चेंडू कमी पडला तर?" म्हणून त्यांनी ख्रिस डेव्हिस या खेळाडूला अगदी मागे उभे केले.

चेंडू खरोखरच कमी पडला! डेव्हिसने तो झेलला आणि तो धावत सुटला. अलाबामाचे त्या वेळचे बहुतेक खेळाडू अंगाने भारी होते. ते त्याला गाठू शकले नाहीत. मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो पोहोचला आणि ऑबर्नने ३४-२८ असा विजय मिळवला. पुढे काय घडू शकेल, याची तयारी आधीच ठेवा. ही तिसरी किल्ली.

मुलांनो, गोष्ट येथे संपत नाही. जानेवारी २०१४ मध्ये ऑबर्न राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाशी खेळले. तेरा सेकंद उरले असताना फ्लोरिडा स्टेटने आघाडी घेतली आणि ऑबर्न हरले. जी किल्ली आपल्या हाती असते, ती दुसऱ्याच्याही हाती असू शकते. म्हणून विजयाचा गर्व करू नका.

शब्दार्थ
प्रतिस्पर्धी – हरीफ, मुकाबला करणारा
दारुण – फार मोठा, भयंकर
खचणे – धीर सोडणे, हिंमत हारणे

स्वाध्याय
१. या सामन्याला 'आयर्न बोल' का म्हणतात?
२. डेव्हिसला मागे का उभे केले?
३. तुम्ही हरलेल्या एखाद्या सामन्याविषयी पाच वाक्ये लिहा.