पितळी पेटीचें कोडें

जुन्या वस्तूंचा संग्रह पाहतांना कधीं कधीं अशी एखादी वस्तु समोर येते कीं, तिचें नांवहि कळत नाहीं व उपयोगहि कळत नाहीं. अशा वेळीं “हें अमुकच असावें” असें एकदम म्हणून मोकळें होण्याची पुष्कळांस संवय असते. परंतु अटकळ बांधणें निराळें व शोध करणें निराळें. तें कसें, हें एका उदाहरणानें पाहूं.

समजा, आपल्यापुढें एक पितळी पेटी आहे. लांबी सुमारें वीतभर. खालीं चार लहान गोल पाय. वर उचलण्यासाठीं मूठ. आंत दोन कप्पे आहेत. एकावर नाणें जाईल एवढी फट आहे. दुसऱ्याचें झांकण ओढूनहि उघडत नाहीं. हिला दानपेटी म्हणावें, दुकानाचा गल्ला म्हणावें, कीं आणखी कांहीं?

पहिला प्रश्न फटीस विचारावा : हिच्यांतून कोणतें नाणें जातें? फटीची लांबी नाण्याचा व्यास सांगते, व रुंदी त्याची जाडी सांगते. नाणीं देशपरत्वें व कालपरत्वें बदलतात. आपल्या देशांत १९१८ सालापासून दोन आण्यांचें चौकोनी नाणें निघूं लागलें. १९५७ च्या १ एप्रिलपासून दशमान पद्धति आली व आणे-पै मागें पडले. इंग्लंडांतील जुना पेनी १९७१ सालीं गेला. म्हणून फट ही त्या वस्तूची जणूं जन्मनोंदच होय. आपल्या पेटीच्या फटींतून अठराव्या शतकांतील इंग्लंडचें अर्ध्या पेनीचें तांब्याचें नाणें जातें. देश व काळ यांचा एवढ्यानेंच अंदाज लागला.

दुसरा प्रश्न : नाणें पडल्यावर आंत काय हालतें? दानपेटींत नाणें पडतें व स्वस्थ राहतें. येथें त्याच्या योगानें एक खिटी सुटते, आणि दुसऱ्या कप्प्याचें झांकण स्प्रिंगच्या जोरानें वर येतें. म्हणजे ही दानपेटी नव्हे, गल्लाहि नव्हे. नाण्याच्या मोबदल्यांत कांहीं देणारी ही पेटी आहे.

तिसरा प्रश्न : ती काय देते व किती देते? आगगाडीच्या स्थानकांवरील वजनाच्या यंत्रांत नाणें टाकिलें म्हणजे वजन छापलेलें एक तिकीट बाहेर येई. एका नाण्यास एकच तिकीट. या पेटींत मात्र माप नाहीं, चाक नाहीं, तोटी नाहीं. झांकण उघडलें कीं सर्व माल घेणाऱ्यापुढें मोकळा!

चौथा प्रश्न : ती कोठें ठेवीत? भिंतीस ठोकण्याची सोय नाहीं. उलट पाय आहेत व मूठ आहे. म्हणजे ती मेजावर ठेवीत व एका मेजावरून दुसऱ्यावर नेत.

हीं उत्तरें एकत्र केलीं म्हणजे कोडें सुटतें. ही इंग्लंडांतील मद्यगृहांत ठेवीत ती तंबाखूची पेटी. गिऱ्हाइकानें नाणें टाकावें, आपली चिलीम एकदां भरावी व झांकण स्वतः लावून ठेवावें, असा रिवाज असे. कांहीं पेट्यांवर तसें पद्यांत कोरलेलेंहि आढळतें, व झांकण न लावणारास दंड सांगितलेला असतो. या सर्वांतून एक नियम ध्यानांत ठेवावा : ज्या उत्तरानें वस्तूचा एखादा भाग निरर्थक ठरतो, तें उत्तर अपुरें समजावें.

नाण्यावर चालणारें यंत्र ही कल्पना याहूनहि फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत आलेक्सांद्रिया येथील हेरो यानें देवळांतील शुद्धोदकाच्या एका यंत्राचें वर्णन केलें आहे. पांच द्राख्मांचें नाणें आंतील तरफेच्या एका टोकावर पडे. तें टोक खालीं जाई, झडप उघडे व पाणी वाहे. तरफ कलली म्हणजे नाणें घसरून पडे व झडप पुन्हां बंद होई. तेथें नाण्याच्या मोबदल्यांत किती पाणी द्यावयाचें, हें यंत्रच ठरवी. पितळी पेटींत तें माणसाच्या सचोटीवर सोडलेलें होतें. म्हणूनच इंग्रजींत तिला ‘प्रामाणिकपणाची पेटी’ असें नांव पडलें.

व्यसनासाठीं केलेल्या या पेटीपासूनहि एक चांगला धडा घेतां येतो. खिटी नाण्याची परीक्षा करी. झांकण उघडल्यावर परीक्षा होई ती माणसाची. परीक्षेच्या दालनांत गुरुजींची पाठ वळते, तेव्हां आपल्याहि पुढें असेंच झांकण उघडें असतें. क्षुल्लक गोष्टींत जो इमानानें वागतो, त्याच्याच हातीं मोठ्या गोष्टी सोंपविल्या जातात, ही प्रभूची शिकवण अशा वेळीं आठवावी.

आतां पालकांस एक विनंति. आपल्या माळ्यावरहि उपयोग विसरलेलीं जुनीं भांडीं, कुलुपें व डबे असतील. तीं मोडीच्या भावानें देण्यापूर्वीं एक दिवस मुलांच्या हातीं द्यावीं, व आजोबा-आजीस त्यांविषयीं विचारावयास लावावें. मोडींत पितळेचें वजन मिळतें. त्या वस्तूची हकीकत मात्र एकदां गेली कीं कोणत्याहि किंमतीस परत मिळत नाहीं.