माणशी ७२ सेकंद

ठाण्याच्या गोखले रोडपासून कल्याण स्टेशनच्या पश्चिमेपर्यंत ‘तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी’ अशा पाट्यांना तोटा नाही, आणि अशा एका पाटीवर विश्वास ठेवून फी भरलेल्यांपैकी मी आहे. पुढे जे लिहिते आहे त्यात राग आहे. तो लपवावा असं मला वाटत नाही. पण राग बाजूला काढला तरी एक हिशेब उरतो, आणि तो कुठल्याही डेमो लेक्चरमध्ये सांगितला जात नाही. तासाभराची बॅच, तीत पंचवीस जण. शिकवणाऱ्याने निम्माच वेळ घेतला असं धरू, खरं तर तो जास्तच घेतो. उरलेली तीस मिनिटं पंचवीस जणांत वाटली की माणशी येतात ७२ सेकंद. आठवड्याचे पाच दिवस धरून तीन महिन्यांत सुमारे ६५ तास वर्गात बसायचं आणि स्वतःच्या तोंडाने इंग्रजी बोलायचं ते फक्त ७८ मिनिटं. डोंबिवलीहून सीएसएमटीला धिम्या लोकलने जायला साधारण तेवढाच वेळ लागतो. इंग्रजीच्या एका पातळीवरून पुढच्या पातळीवर जायला मार्गदर्शनासह सुमारे २०० तास लागतात, असा केंब्रिजच्या परीक्षा मंडळाचा ढोबळ अंदाज आहे. वर्षानुवर्षं बॅचेस चालवणाऱ्यांना हे गणित ठाऊक नसेल, हे मला पटत नाही. तरीही पत्रकावर ‘आत्मविश्वासाची हमी’ छापली जाते.

माझं म्हणणं एवढंच आहे की आत्मविश्वास आधी येतो आणि बोलणं मग सुरू होतं, हा क्रमच उलटा आहे. बोलून बोलून, चुकून, तरीही समोरच्याला आपलं म्हणणं कळलं हे पुन्हा पुन्हा अनुभवून जो साठतो तो आत्मविश्वास. तो कोणी आधी काढून देऊ शकत नाही. याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्याच राज्यात आहे. महाराष्ट्राने जून २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणलं. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. त्याआधी इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं. २००० साली पहिलीत बसलेली मुलं दहा वर्षं इंग्रजी वाचत, लिहीत २०१० मध्ये दहावी झाली आणि आज तिशीत आहेत. त्यांतले कितीतरी जण इंग्रजी मेल बिनचूक लिहितात आणि फोन वाजला की ततपप करतात. शब्द त्यांच्याकडे आहेत, व्याकरणही आहे. त्यांना बोलायला लावलं गेलं नाही. कॅनडातही हेच दिसलं होतं. तिथे इंग्रजीभाषक मुलांना शाळेतले विषय फ्रेंचमधून शिकवले. काही वर्षांनी मुलांना फ्रेंच उत्तम कळू लागली, पण त्यांचं बोलणं मागेच राहिलं. मेरिल स्वेन या अभ्यासिकेने १९८५ मध्ये त्याचं कारण मांडलं: ऐकणं आणि समजणं पुरत नाही, नेटाने बोलायला भाग पाडावं लागतं. आपल्याकडे तर पिढ्यान् पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. वाचता-लिहिताना ती शिस्त मोलाचीच आहे, पण बोलताना मनातलं वाक्य आधी मराठीत रचून मग इंग्रजीत करण्याची सवय माणसाला अडवून धरते.

मला सर्वांत जास्त टोचतं ते या वर्गांचं वागणं. ‘तुमचा कॉन्फिडन्स कमी आहे’ हे वाक्य प्रवेशाच्या वेळी निदान म्हणून ऐकवलं जातं, आणि तीन महिन्यांनी काहीच बदललं नाही अशी तक्रार केली की तेच वाक्य सबब म्हणून परत ऐकवलं जातं. दोन्ही वेळा दोष शिकणाऱ्याचा. हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहिले तेव्हा मला धंदा कळला: इथे आधी लाज विकली जाते आणि मग तिच्यावरचं औषध. मराठीत बोललं की दंडाची पेटी, पंचवीस जणांसमोर उभं करून प्रत्येक वाक्याला टोकणं, चूक फळ्यावर लिहून दाखवणं, या सगळ्याला ‘भीती मोडणं’ म्हणतात. हॉरविट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये परभाषेच्या वर्गातलं दडपण मोजण्यासाठी ३३ विधानांची प्रश्नावली केली. ती पाहिली की कळतं, माणूस मुळात भित्रा आहे की नाही हा मुद्दा गौण आहे. चारचौघांत हसं होईल का, शिक्षक प्रत्येक चूक पकडेल का, अचानक आपलं नाव पुकारलं जाईल का, अशा वर्गातल्या परिस्थितीतून ते दडपण तयार होतं. याच्या नेमकी उलट वाट बंगळुरू भागातल्या शाळांत भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात चालवून दाखवली. मुलांना भाषेचे धडे देण्याऐवजी नकाशा किंवा वेळापत्रक हाती देऊन एखादा प्रश्न सोडवायला लावायचं. लक्ष कामावर राहिलं की भाषा त्या ओघात येते. साध्या शाळांत जे करून पाहता आलं, ते हजारो रुपये फी घेणाऱ्यांना का सुचू नये?

यावर एक आक्षेप हमखास येतो: क्लास लावून शिकलेले लोकही आहेत की. आहेत. पण त्यांच्याकडे नीट पाहा. बहुतेकांना त्याच काळात ऐरोलीच्या किंवा वागळे इस्टेटच्या एखाद्या कंपनीत रोज परप्रांतीय ग्राहकांशी, वरिष्ठांशी बोलावं लागत होतं. खरा सराव नोकरीने दिला आणि फोटो मात्र क्लासच्या पत्रकावर आला. ज्या गृहिणीला, दुकानदाराला किंवा बेकार पदवीधराला वर्गाबाहेर इंग्रजी बोलण्याची जागाच नाही, त्याला ती ७८ मिनिटं सोडून काही मिळत नाही. आणि हाच माणूस क्लासच्या भरवशावर सर्वाधिक असतो. दुसरा आक्षेप मला मान्य आहे. एकट्याने होत नाही, वेळ बांधलेली लागते, सोबत लागते. क्लासने एवढंच प्रामाणिकपणे विकलं तर माझी तक्रार नाही.

मग करायचं काय? चार जण जमवा, जास्त नको. ज्या गावात सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून उभं आहे ते कल्याण, किंवा १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय चालवणारं ठाणे, इथे एकत्र येऊन काही शिकण्याची सवय नव्याने लावायला नको. चौघांत तासाभरात माणशी पंधरा मिनिटं येतात, म्हणजे आठवड्याला पाच बैठका केल्या तर दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीलाच क्लासचे तीन महिने मागे पडतात. भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी लिहिलेली एक पद्धत जशीच्या तशी वापरा: एकच विषय एकाला चार मिनिटांत सांगायचा, तोच दुसऱ्याला तीन मिनिटांत, तोच तिसऱ्याला दोन मिनिटांत. ऐकणारा नवा, मजकूर तोच. तिसऱ्या वेळी जीभ अडखळत नाही, आणि ते आपलं आपल्याला कळतं. विषय आपल्या कामाचाच घ्या, ‘माय एम इन लाइफ’ नको. हिशेबनीस असाल तर जीएसटीचं रिटर्न समजावा, नर्स असाल तर औषधाची वेळ. मध्ये कोणी टोकायचं नाही, चुका शेवटी दोनच सांगायच्या. बाकी रोज वाचा, ऐका, धीर सोडू नका, हे सगळे सांगतात, मीही सांगते.

उच्चार ‘शुद्ध’ करून देतो म्हणून वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. २०११ च्या जनगणनेत पहिली, दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून इंग्रजी सांगणारे सुमारे १२.९ कोटी भारतीय होते आणि मातृभाषा म्हणून सांगणारे तीन लाखही नव्हते. मुलाखतीत समोर बसलेला माणूसही तुमच्यासारखाच ती शिकून आलेला आहे. त्याला तुमचं कळलं पाहिजे. लंडनचा हेल त्याच्याकडेही नाही.

आणि क्लास लावायचाच असेल तर फी भरण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी घ्या: बॅचमध्ये जास्तीत जास्त किती जण, एका तासात प्रत्येकाला बोलायला किती वेळ, आणि मध्येच सोडल्यास किती फी परत. तोंडी उत्तराला किंमत नाही. वर्षाची फी एकदम भरू नका. ‘बिनव्याजी हप्ते’ म्हणजे अनेकदा तुमच्या नावावरचं कर्ज असतं, क्लास सुटला तरी हप्ता सुटत नाही. पावतीवर ‘फी परत मिळणार नाही’ असं छापलं म्हणजे विषय संपला असंही मानू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार त्रुटीच्या सेवेचे पैसे परत करायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरू शकते. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, ठाण्याला जिल्हा ग्राहक आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे दाखल शुल्क नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. त्यासाठी जाहिरातीचं पत्रक लागेल. ते पहिल्याच दिवशी जपून ठेवा, कारण पुढे मागितलं तर काउंटरवर ते मिळत नाही.