साइड स्टँडवर मोजलेलं ऑइल

पडवीच्या कोब्यावर रुपयाएवढा काळा डाग दिसला, तेव्हा मी त्यावर चिमूटभर राख टाकली आणि कामाला गेलो. आठवड्याभरात डाग बशीएवढा झाला. गंमत अशी, की गाडीची काळजी घेणाऱ्यांत मी स्वतःचा नंबर वरचा समजत होतो. दर रविवारी फडक्याने गाडी पुसायची, ऑइलची स्टिक काढून बघायची, कमी वाटलं की घोटभर घालायचं. आणि हे सगळं साइड स्टँडवर.

गाडी 150 सीसीची, एअर कूल्ड, 40 हजार किलोमीटर पळालेली. गळती बघून मी एका गॅरेजात नेली. डाग पुढच्या स्प्रॉकेटच्या खाली पडतोय म्हणून त्यांनी तिथलं ऑइल सील बदललं. पंधरा दिवसांत पुन्हा डाग. मग टॅपेट कव्हरचं गॅस्केट बदललं. पुन्हा डाग. दोन बिलं झाली आणि मी रविवारी घोटभर घालतच राहिलो, कारण गळतंय म्हणजे कमी होत असणार, हा माझा हिशोब. त्यातच मेव्हण्याच्या कारच्या सर्व्हिसिंगमधून उरलेला 5W-30 चा अर्धा कॅन घरात आला होता. सिंथेटिक, भारीतलं. वाया कशाला घालवायचं?

जुलैत आम्ही दोघं बहिणीकडे पाटणला निघालो. चिपळूण ते पोफळी काही कळलं नाही. कुंभार्लीचा चढ लागला आणि तिसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल पिळला तर इंजिन बोंबलतंय, काटा वर चाललाय, पण गाडी आहे तिथेच. दुसऱ्यात टाकली, तेच. मागून ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून. ही मागून म्हणाली, "अहो, नुसती ओरडतेय, चढत का नाही?" एका वळणावर कडेला घेतली. खाली वाकून बघतो तर मागच्या चाकाच्या रिमवर ऑइलचे बारीक शिंतोडे. रिमवरून टायरवर यायला कितीसं अंतर? ओल्या घाटात मागच्या टायरला ऑइल लागलेलं असतं तर काय झालं असतं, हा विचार तेव्हा टाळला, पण गाडी मात्र तिथूनच परत फिरवली.

दुसऱ्या दिवशी बाजारातल्या एका जुन्या फिटरकडे गेलो. त्यांनी आधी काहीच उघडलं नाही. रॉकेल आणि ब्रशने इंजिन धुतलं, साबणाच्या पाण्याने पुन्हा धुतलं, हवा मारून कोरडं केलं. मग खिशातून टाल्कम पावडरचा डबा काढला आणि सगळ्या जोडांवर भुरभुरवली. "पाच किलोमीटर फिरवून आणा, सर. जोरात नको."

परत आलो तेव्हा स्प्रॉकेटचं सील पांढरंशुभ्र होतं. टॅपेट कव्हरही. ओली रेघ उतरत होती ती वरून, एअर फिल्टरच्या डब्याच्या ड्रेन नळीपासून. डबा उघडला तर आतला फोम ऑइलमध्ये भिजवून ठेवल्यासारखा.

मग त्यांनी गाडी मेन स्टँडवर घेतली, तीन मिनिटं थांबले, स्टिक पुसली, आटे न फिरवता नुसती टेकवली आणि माझ्यापुढे धरली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर. "किती घातलंत?" मी गप्प. सगळं काढून मापात ओतलं. गाडीची गरज 1 लिटरची, निघालं 1 लिटर 350.

झालं होतं ते असं. साइड स्टँड डावीकडे, आणि माझ्या गाडीला, तशीच बहुतेक गाड्यांना, ऑइलचं झाकण उजवीकडे. गाडी डावीकडे कलली की ऑइल तिकडे सरकतं आणि स्टिक कोरडी निघते. मी दर रविवारी त्या खोट्या आकड्याला भुलत होतो. इंजिनात ऑइल जास्त झालं की फिरणारे भाग ते घुसळतात, फेस होतो, आणि क्रँक केसमधली हवा बाहेर सोडणारी ब्रीदर नळी हवेबरोबर ऑइलही एअर फिल्टरच्या डब्यात ओकते. ब्रीदर चेपलेली किंवा तुंबलेली असेल तर याच्या उलटं होतं, आतला दाब चांगल्या सीलमधूनही ऑइल बाहेर ढकलतो. सील बदलत बसायच्या आधी ऑइलची पातळी आणि ब्रीदर बघावी, हे मला दोन बिलं भरून कळलं.

थेंब जिथे पडतो तिथे दोष क्वचितच असतो. ऑइल खाली ओघळतं, आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे जातं. त्यामुळे ओल्या भागातली सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा शोधायची. मागच्या चाकावरचे शिंतोडे बऱ्याचदा चेनच्या ग्रीसचे निघतात, त्यालाही लोक गळती म्हणतात. आणि थेंब नाही तरी ऑइल कमी होत असेल, तर सायलेन्सरकडे बघा. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताना निळसर धूर आला तर व्हॉल्व्ह सील, पळताना जोर दिल्यावर येत राहिला तर पिस्टन रिंगा, असा साधारण अंदाज.

घाटात गाडी चढेना ती क्लच घसरत होता म्हणून, आणि ते पाप मात्र सरळ मेव्हण्याच्या कॅनचं. बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना एकच ऑइल पुरतं. क्लचच्या प्लेटा त्यात बुडून असतात, आणि त्यांचं काम चालतं घर्षणावर. कारचा क्लच त्या ऑइलबाहेर असतो, त्यामुळे कारच्या पातळ ऑइलात इंधन वाचावं म्हणून घर्षण कमी करणारी द्रव्यं घालतात. तीच आमच्या प्लेटांना भोवली. "प्लेटा झिजल्याच होत्या, तुम्ही धक्का दिलात," असं फिटर म्हणाले, आणि ते खरं असावं. प्लेटा बदलाव्या लागल्याच.

ही भानगड जुनी आहे. म्हणूनच जपानने 1998 साली मोटरसायकलच्या ऑइलसाठी जासोचं वेगळं मानक आणलं आणि 2006 मध्ये ते आणखी बारीक केलं. बाटलीच्या मागे जासो एमए किंवा एमए2 छापलेलं असेल तर ओल्या क्लचला चालतं. एमबी मात्र स्कूटरसाठी, कारण तिचा क्लच ऑइलात नसतो. दुकानदार सिंथेटिक की मिनरल यावर तासभर बोलेल, हे दोन अक्षरांचं बोलणार नाही. स्वतः बाटली उलटून बघायची.

आकड्यांचं फार मनावर घेऊ नये. 20W-40 मधला W म्हणजे विंटर. उणे 15 अंशांच्या थंडीत इंजिन फिरवताना ऑइल किती अडतं, त्याची परीक्षा. चिपळुणात स्वेटर काढायची वेळ वर्षातून दोन आठवडे येते. दुसरा आकडा गरम इंजिनातला जाडपणा. पुस्तिकेत जे लिहिलंय ते घाला, संपलं. गळती थांबावी म्हणून 20W-50 घालायचा सल्ला मलाही मिळाला होता. फोडावर पट्टी लावण्यातला प्रकार. पुस्तिकेत ऑइलचे दोन आकडे असतात, नुसतं ऑइल बदलताना लागणारं आणि पूर्ण इंजिन उघडल्यावर लागणारं. आपला आकडा पहिला. काही गाड्यांना 900 मिली पुरतं, आणि 1 लिटरची बाटली घेतली की हात आपोआप ती रिकामी करतो.

ड्रेन बोल्टचा वायसर दर वेळी नवा घाला, चार पैशांची वस्तू. आणि बोल्ट आवळताना अंगात येऊ देऊ नका. क्रँक केस ॲल्युमिनियमचं, आटे गेले की थेंबाची धार होते.

आमच्याकडे 22 जुलै 2021 च्या पुरानंतर ज्यांनी बुडालेली गाडी तशीच सेल मारून बघितली त्यांच्याबद्दल अजून वाईट वाटतं. पाणी शिरलेलं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं. अशा वेळी सेलला हात न लावता आधी ते काढून टाकायचं. पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीच्या झाकणाखाली थोडा पिवळट फेस दिसतो, त्याने घाबरायचं कारण नाही. स्टिकच दुधाळ निघाली तर मात्र ऑइल बदलायचं.

बदललेलं जुनं सील पहिल्या गॅरेजने पिशवीत घालून दिलं होतं. फिटरांनी ते दोन बोटांत दाबून बघितलं, म्हणाले, "हे अजून दोन वर्षं चाललं असतं." कोब्यावरचा डाग काही गेला नाही. गाडी आता त्याच्यापासून हातभर लांब, मेन स्टँडवर, खाली वर्तमानपत्र पसरून लावतो. जुन्या डागावर नवा थेंब दिसत नाही.