कोल्हापूर : भिक्षास्थान आणि साभिमान क्षेत्र

श्रीदत्तात्रेयप्रभूंच्या नित्यचर्येत कोल्हापूरचे नाव आदराने येते. प्रभू कोल्हापुरी भिक्षा करितात, गोदातीरी पांचाळेश्वरच्या आत्मतीर्थी भोजन करितात आणि मातापुरी म्हणजे माहूरला निद्रा करितात, ही परंपरा पंथात सर्वश्रुत आहे. उलटपक्षी सूत्रपाठातील आचारपर वचनांत सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी मातापूर व कोल्हापूर या दोन्ही ठिकाणी जाण्याचा साधकास निषेध केला असून, ती स्थाने ‘साभिमान’ आहेत असे कारणही दिले आहे. जेथे प्रभू स्वतः भिक्षेस जातात, तेथेच त्यांच्या अनुसरलेल्याने जाऊ नये, हे कसे? परमेश्वराच्या कृतीत आणि आज्ञेत विरोध संभवत नाही. म्हणून विरोध दिसतो तो आपल्या समजुतीतील उणिवेमुळे, असे धरूनच या प्रश्नाचा विचार केला पाहिजे.

प्रथम क्षेत्राचे स्वरूप पाहू. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती अशा पाच प्रवाहांची पंचगंगा प्रयाग चिखली येथील संगमावर होते. पुढे कोल्हापूरच्या घाटावरून वाहत ती नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. नगराला करवीर व दक्षिण काशी अशी नावे आहेत. महालक्ष्मी ही येथील अधिष्ठात्री देवता. कोल्हापूरचे शिलाहार राजे तिच्या वरप्रसादाने आपणांस राज्य लाभले असे आपल्या बिरुदांत मिरवीत. तेराव्या शतकाच्या आरंभी यादव सिंघणाने ते राज्य जिंकले. म्हणजे स्वामींच्या काळी हा प्रदेश यादवांच्या सत्तेखाली होता. राजा गेला, पण देवतेचे महत्त्व ओसरले नाही. पुढे १७१५ मध्ये मूर्तीची पुनःस्थापना झाली आणि आजही नवरात्रात व किरणोत्सवाच्या दिवसांत तेथे मोठी गर्दी लोटते.

आता निषेधाचे कारण. तो निषेध नदीचा नव्हे, आणि नगराचाही नव्हे. गोदातीरीचे प्रतिष्ठान हे तीर्थही होते आणि मोठे नगरही होते. तरी स्वामींनी तेथे भोगनारायणी वास्तव्य केले. त्र्यंबकापर्यंत गंगातीरी त्यांचे अटन झाले. तेव्हा पाणी, घाट, वस्ती अथवा देऊळ यांत दोष असता तर प्रतिष्ठानही वर्ज्य ठरले असते. तसे झाले नाही. दोष ‘साभिमान’ या पदात शोधावा लागतो.

ब्रह्मविद्येत जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ स्वतंत्र सांगितले आहेत. देवतेला सामर्थ्य नाही असे आपले शास्त्र म्हणत नाही. ती फळ देते, परंतु ते फळ मर्यादित असते व भोगून संपते. मोक्ष देणे मात्र एका परमेश्वराकडे आहे. ज्या स्थानी देवतेला ‘हे माझे’ असा अभिमान आहे, तेथे येणारा जीव तिच्या फळाकडे ओढला जातो. संतती, संपत्ती, आरोग्य यांची मागणी तेथे सहज ओठावर येते. ज्याने सर्व सोडून केवळ परमेश्वराची वाट धरली, त्याच्या मनात मागणीचा अंकुर फुटणे हाच मोठा अपाय होय. अभिमानाची दुसरी बाजू जीवाकडे आहे. मोठे क्षेत्र केल्याने आपण पुण्यवंत झालो, ही जाणीव यात्रेबरोबर घरी येते आणि साधनाचा पाया पोखरते. पहिला अभिमान देवतेचा, दुसरा तिच्या यात्रेकरूचा. पहिल्यामुळे दुसरा उपजतो.

मग प्रभूंच्या भिक्षेचे काय? येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. परमेश्वराला कोणत्याही देवतेचे आकर्षण बाधत नाही. तो जातो ते जीवांना संबंध द्यावा म्हणून. आपण जातो ते काही मिळावे म्हणून. म्हणून परमेश्वराची कृती स्मरणाची आहे आणि आज्ञा आचरणाची आहे. वैद्य रोग्याच्या खोलीत जातो, म्हणून घरच्या लेकरानेही तेथे जावे असे कोणी म्हणत नाही.

दुसरी गोष्ट त्या लीळेतच आहे. प्रभू कोल्हापुरी भिक्षा करितात, पण भोजन तेथे करीत नाहीत आणि निजतही नाहीत. वैभवाच्या नगरीत झोळी घेऊन दारोदार जाणे व मिळाले ते घेऊन निघून जाणे, इतकाच त्यांचा तेथील व्यवहार. राजांनी ज्या नगरीत राज्य मागितले, तेथे प्रभूंनी मूठभर अन्न मागितले. कोल्हापुरात दत्त भिक्षालिंग नावाचे स्थान आहे. त्याचे नाव ऐकताच साधकाने हे स्मरावे. लीळा अशी पाहिली म्हणजे ती निषेधाच्या विरुद्ध न जाता त्याचा अर्थच उघड करते.

कोणी म्हणेल, आज माहूरच्या देवदेवेश्वरी पंथीय साधू राहतात, वासनिक दर्शनास जातात. मग मातापूरचा निषेध उरला कोठे? निषेध उरला आहे. तेथे जाणारा महानुभाव देवतेच्या क्षेत्रमाहात्म्यासाठी जात नाही, तर श्रीदत्तात्रेयप्रभूंच्या संबंधाने पवित्र झालेल्या स्थानाला नमस्कार करण्यास जातो. श्रीचक्रपाणिप्रभूंना व्याघ्ररूपाने प्रभूंची भेट झाली ती तेथेच. हेतू सुटला तर मात्र तीच वाट निषेधाची होते.

राहिला वासनिकांचा प्रश्न. कोल्हापूर परिसरातील गृहस्थाला बाजार, दवाखाना, शिक्षण यांसाठी तेथे जावेच लागते. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंचही तेथे बसते. अशा कामासाठी जाण्यात बाध नाही. घरातील वडीलधारी माणसे अंबाबाईस निघाली आणि सोबत जावे लागले, तर त्यांना हाताला धरून न्यावे, पायऱ्या उतरताना सांभाळावे. परंतु स्वतः नवस बोलू नये. त्यांच्या श्रद्धेची निंदा तर मुळीच करू नये. निंदेने अनन्यता वाढत नाही, केवळ द्वेष वाढतो, आणि तोही एक अभिमानच आहे.

पंचगंगेत स्नान केले तर अंग शुद्ध होईल. कर्म धुतले जाणार नाही. नदी हा प्रपंचातील पदार्थ आहे. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात याच पंचगंगेने प्रयाग चिखलीसह कितीतरी गावे वेढली. तिने पुण्यवान व पापी असा भेद केला नाही. तिचे पाणी पिणाऱ्या जीवांसाठी ते घाण न करणे, हा अहिंसेचाच भाग समजावा.

सारांश, कोल्हापुरी जाणाऱ्याने पायांपेक्षा मागणीकडे लक्ष ठेवावे. काम असेल तर करावे, प्रभूंच्या भिक्षेचे स्मरण करावे, आणि काम होताच परतावे. साधूंनी मात्र आज्ञेचा अर्थ सैल करू नये. दंडवत प्रणाम.