नदीची नाडी पाहण्याचा नेम

वारकरी बंधुभगिनींनो, आळंदीस गेलो की आधी इंद्रायणीवर जायचे, स्नान करायचे, ओंजळभर तीर्थ घ्यायचे, हा आपला वाडवडिलांपासूनचा परिपाठ. परंतु अलीकडच्या काही वर्षांत ऐन कार्तिकी सोहळ्यात तिच्यावर पांढऱ्या फेसाचे थर आलेले आपण पाहिले. कोणी म्हणेल, "अहो, गंगेला कसला विटाळ?" खरे आहे, भाव विटाळत नाही; पण पाणी बिघडते. भाव अंतःकरणात पाहावा, पाणी तपासूनच पाहावे.

फेस नसला म्हणजे पाणी चांगले, असेही नव्हे. मैल्यातले जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. नितळ पाण्यातूनही हगवण, कावीळ, विषमज्वर येतो.

मग तपासायचे कसे? काठचा साधा माणूस शिकून घेईल अशा चार गोष्टी आहेत. पहिली, रंग, वास, फेस आणि मेलेले मासे यांची नोंद. दुसरी, सामूची कागदी पट्टी; स्नानाच्या पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ असावा. तिसरी, पाण्यात विरघळलेला प्राणवायू. तो लिटरमागे निदान ५ मिलिग्रॅम हवा. मैला कुजू लागला की जंतू हा प्राणवायू खाऊन टाकतात आणि मासे गुदमरतात. चौथी, मैल्याची परीक्षा करणारी बाटली; तीत पाणी भरून एकदोन दिवस उबेत ठेवावे. काळे पडले, तर मैल्याचा संशय धरावा.

यात खरे महत्त्व नेमाचे. वारी जशी चुकवायची नाही, तशी ही नोंदही चुकवायची नाही. घाट तोच, वेळ तीच. कारण शेवाळलेल्या पाण्यात प्राणवायू पहाटे कमी आणि दुपारी जास्त असतो; वेळ बदलली तर तुलना कशाची करणार? नाला मिळतो त्याच्या वर एकदा आणि खाली एकदा पाणी घ्यावे. दोन्हींत फरक पडला, तर दोष कुठून आला ते वहीच सांगते. बरे आले तेही लिहावे, वाईट आले तेही लिहावे. राग धरून आकडा वाढवू नये. ही वही प्रयोगशाळेची जागा घेत नाही. पण ग्रामसभेपुढे, नगरपरिषदेपुढे, प्रदूषण नियंत्रण मंडळापुढे ठेवली, म्हणजे पक्की तपासणी कुठे आणि केव्हा करायची ते दाखवून देते.

तोवर एक पथ्य पाळा. तीर्थ मस्तकी लावा, पोटात घेऊ नका. लेकरांना आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना उकळलेलेच पाणी द्या.

लोणावळ्याच्या डोंगरातून निघालेली इंद्रायणी देहू, आळंदी करीत तुळापुरास भीमेला मिळते आणि तीच भीमा पंढरीस चंद्रभागा होते. म्हणजे आपण वर जे सोडतो, ते खाली विठुरायाच्या दारीच जाते! काठच्या गावी दिंडीतल्या एकाने तरी ही वही हाती धरावी, एवढीच विनवणी.

रामकृष्ण हरि.